गवतातलं पिवळं फूल

कोकणातल्या वाडीच्या गेमसाठी केलेल्या तुमच्या १६ बाय १६ पिक्सेलच्या टाइल्स (एकाला एक जोडून गेमचं दृश्य उभं करायचे छोटे चित्र-चौकोन) मोठ्या करून नीट पाहिल्या. चिऱ्याची भिंत फार सुंदर जमलीय! जांभ्याची भोकं दोन-दोन पिक्सेलांत दाखवलीत आणि सावलीला काळा न घेता जांभळट तपकिरी घेतलात, त्यामुळे दगड पावसात भिजल्यासारखा वाटतो. तिला आता हात लावू नका.

गवताला अजून तपशील हवा, असं तुमच्या पोस्टखाली एकांनी म्हटलंय. मला नेमकं उलट वाटतं. डाव्या कोपऱ्यातलं ते पिवळं फूल एकट्या टाइलमध्ये गोड दिसतं, पण १० बाय १० लावून बघा: तेच फूल १०० वेळा, अगदी रांगेत. मग डोळ्यांना गवत दिसतच नाही, चौकटी दिसतात. मूळ टाइल साधी ठेवा, फुलाची वेगळी करा आणि मधूनमधून पेरा. असेप्राइट हे पिक्सेल-चित्रांचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर टाइल्ड मोड (तीच टाइल आजूबाजूला परत परत दाखवणारी सोय) चालू ठेवूनच रंगवा, कडेची शिवण तिथल्या तिथे कळते.

हिरव्याच्या नऊ छटाही जास्त होतात, चार पुरतील. थोडक्यात कसं भागवता येतं बघा: १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्स या गेममध्ये ढग आणि झुडूप यांचा आकार एकच आहे, बदललेत फक्त रंग. तुमची झुडपंही तशीच रंग बदलून भाताच्या रोपांसाठी वापरता येतील का, करून बघा.

पायवाटेची कड मात्र अजून सरळसोट आहे. गवताची दोन-तीन पाती मातीवर येऊ द्या.