पगार करू की पीएफ भरू? (मशीन शॉप, २३ माणसं)

शिरोलीकर_व्हीएमसी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे आपलं. फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, आपण मशीनिंग करून देतो. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), चार सीएनसी टर्निंग, माणसं २३. काम लई आहे, रात्रपाळी पण चालू आहे, आणि तरी आज १२ तारीख उजाडली आणि खात्यात १ लाख ९२ हजार. ७ तारखेला सगळ्यांना निम्माच पगार दिला, उरलेला सोमवारी देतो म्हणालो आणि तो सोमवार काल होऊन गेला. आज सकाळी शॉपवर गेलो तर कुणी काही बोललं नाही, नुसते बघत होते, ते जास्त लागतं राव.

हिशोब असा बघा. पगार एकूण ४ लाख १० हजार, कापाकापी करून हातात जातात ३ लाख ६७. म्हणजे अजून १ लाख ८३ द्यायचे राहिलेत. पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) मिळून ८८ हजार, १५ तारखेच्या आत. लाईट बिल ९० च्या घरात, मशीनचा हप्ता ५८. सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट, १५ लाखाची, ती गळ्यापर्यंत वापरून झालीय. महिन्याचं बिलिंग जीएसटी सोडून साडेअकरा लाख. आणि येणं किती, तर ३१ लाख! त्यातले १९ एकाच पार्टीकडं, बोली ६० दिवसांची, मिळतात ९०-१०० दिवसांनी, ते पण डेबिट नोट लावून बिलातनं रक्कम कापून. वर जीएसटी आपण बिल काढलं की भरायचा, पैसे आले का नाही कोण विचारतंय.

तर ह्या महिन्यात पीएफ थांबवून त्या पैशात पगार भागवला तर चालेल का? ओळखीचे एक जण म्हणाले दोन-तीन महिने काही होत नाही, नंतर व्याजासकट भर. आणि तुम्ही लोक हे दर महिन्याचं बसवता कसं ते पण सांगा. बायकोचे दागिने एकदा ठेवून झालेत, परत ते करणार नाही.

खतावणी

दादा, मी पुण्यात लहान कारखान्यांचं पगारपत्रक आणि चलनाचं काम बघते, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

ते ८८ हजार एकच रक्कम धरताय तिथेच चूक होतेय. पीएफचे १२ टक्के माणसाच्या पगारातून कापलेत, तुमचे १२ आणि वर विमा-प्रशासनाचे मिळून १. ईएसआयला त्याचे पाऊण टक्का, तुमचे सव्वातीन. तुमच्या आकड्यांवरून बघितलं तर त्या ८८ मधले साधारण ३८ हजार तुमचे नाहीतच, ते त्या २३ जणांचे आहेत, तुम्ही फक्त ७ तारखेपासून १५ पर्यंत सांभाळताय. तुमचा हिस्सा उशिरा गेला तर ती थकबाकी. त्यांच्याकडून कापून भरला नाही तर कायदा त्याला विश्वासघात म्हणतो, फौजदारी होऊ शकते.

आता ‘व्याजासकट भर’ याबद्दल. वर्षाला १२ टक्के व्याज आणि त्यावर दंड, जो जून २०२४ पासून महिन्याला १ टक्का आहे (आधी उशीर वाढेल तसा वर्षाला ५ पासून २५ टक्क्यांपर्यंत चढायचा). म्हणजे तुमचा ७५ हजाराचा पीएफ एक महिना लांबला तर दीड हजार. हे ऐकून वाटतं की सावकारापेक्षा स्वस्त पडलं! तिथेच माणूस घसरतो, कारण पुढच्या महिन्यात दोन चलनं असतात आणि पैसे तेवढेच. शिवाय आमच्या एका पार्टीचं २०२२-२३ ला काय झालं, कामगारांचा हिस्सा दोन-तीन वेळा चार-पाच दिवस उशिरा गेला होता, सुप्रीम कोर्टाचा ऑक्टोबर २०२२ चा निकाल आला होता, त्यामुळे तेवढा खर्च इन्कम टॅक्सला धरलाच नाही. पैसे भरलेले असून त्यावर टॅक्स पण भरला.

१५ ला चलन भरा. पगाराचं माणसांशी बोलता येतं, चलनाशी बोलता येत नाही.

बिनधास्त_बोल

२३ ठेवलीच कशाला भावा. ४ जण ठेकेदाराच्या नावावर दाखव, १९ वर आला की पीएफची कटकटच नाही.

खतावणी

@बिनधास्त_बोल असं सांगू नका हो कुणाला. एकदा लागू झाला की माणसं २० च्या खाली आली तरी पीएफ सुटत नाही, आणि ठेकेदाराची माणसं पण मोजतात. ठेकेदाराने भरलं नाही तर वसुली मूळ मालकाकडेच येते. हे करून फसलेले आमच्याकडे फायली घेऊन येतात.

अंबडचा_जुना

शिरोलीकर भाऊ, मी हे केलंय म्हणून सांगतो. नाशिकला अंबडमध्ये प्रेस शॉप आहे, तेव्हा १७-१८ वर्षं झाली होती धंद्याला, म्हणजे नवखा नव्हतो. तीन महिने पीएफ भरला नाही, पगारपत्रकावर कापत मात्र होतो. मग एक दिवस जुना फिटर केबिनमध्ये आला, मोबाईल टेबलावर ठेवला, पीएफचं पासबुक उघडलेलं, जुलैनंतर एंट्रीच नाही. बहिणीच्या लग्नाला पैसे काढायचे होते त्याला. म्हणाला, साहेब माझ्या स्लिपवर तर कापलेत. बस एवढंच. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी गाडी विकायला काढली.

त्यानंतर दुसऱ्या बँकेत एक खातं उघडलं, त्याचं चेकबुक मिसेसकडे. तुमच्या आकड्यांनी सांगतो, पगार ४ लाख १० आणि मालकाचा पीएफ-ईएसआय धरून ४ लाख ६० होतात, बिलिंग साडेअकरा, म्हणजे रुपयातले ४० पैसे माणसांचे. पार्टीचे पैसे आले की जीएसटी बाजूला काढा आणि उरलेल्यातले ४० टक्के त्याच दिवशी त्या खात्यात टाका, दुपारपर्यंत थांबायचं नाही कारण दुपारी टूलवाला येतो. पहिले चार महिने जीव जातो. मटेरियलवाल्याला फोन करून करून तोंड दुखलं माझं, पण मटेरियलवाला थांबतो हो, त्याला धंदा हवा असतो.

आणि उचल. हे कुणी लिहीत नाही. आमच्याकडे सणाची उचल, शाळेची उचल, गावाकडच्या जत्रेची उचल, कधी खिशातून कधी गल्ल्यातून, वही नाही. एकदा बसून जोडलं तर १ लाख ४० हजार बाहेर होते आणि मी म्हणत होतो पैसे जातात कुठं. आता महिन्यातून एकच दिवस, २० तारखेला, वहीत सही घेऊन.

तगादा

सगळे पगारावर बोलताय, रोग तिकडं १९ लाखात आहे. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे सरकारकडची लघुउद्योग नोंदणी, आहे का? असेल तर लेखी करार नसताना १५ दिवसात आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसात पैसे द्यायचे असा कायदा आहे. तुमची बोली तोंडी आहे, म्हणजे खरं तर १५ च! उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. अशा थकलेल्या पैशांसाठी सरकारच्या पोर्टलवर तक्रार पण टाकता येते, पण खरं सांगू का, १९ लाखाच्या गिऱ्हाईकावर तक्रार कोण टाकतो, पुढच्या महिन्यात कास्टिंग दुसऱ्याकडं जातं. मी तरी नाही टाकली कधी.

मी काय करतो, बिलावर उद्यम नंबर छापतो आणि फेब्रुवारीत पार्टीच्या अकाउंट्सला एक साधं पत्र देतो, की आमचं इतकं येणं मुदतीच्या बाहेर आहे. मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चला थकलेलं असलं तर त्यांना तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्सला धरता येत नाही, ४३बी-एच नावानं ओळखतात तो नियम. मार्चमध्ये त्यांचेच फोन येतात. खरेदीवाल्याला मस्का लावून काही होत नाही, अकाउंट्सवाल्याला टॅक्स कळतो.

पार्टी मोठी असेल, २५० कोटीच्या वर टर्नओव्हर, तर तिला ट्रेड्सवर (बिलं बँकांना विकून आधी पैसे घ्यायचा ऑनलाइन प्लॅटफॉर्म) नोंदणी सक्तीची आहे. तिथं त्यांनी बिल मान्य केलं की बँका बोली लावतात आणि एक-दोन दिवसात पैसे आपल्या खात्यात, व्याज पार्टीची पत बघून लागतं म्हणून सीसीपेक्षा कमी पडतं. पार्टीने नंतर बुडवलं तरी आपल्यावर येत नाही. विचारून तर बघा.

अजून एक, सीसी गळ्यापर्यंत का आली ते बघा. ९० दिवसांवरचं येणं बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवरला, म्हणजे सीसीतनं किती उचलता येईल त्या हिशोबाला, धरतच नाहीत. ३१ लाख येणं दाखवून उपयोग नाही, त्यातलं जुनं आधी वसूल करा.

शिरोलीकर_व्हीएमसी

मंडळी, आज १५. चलन भरलं, दुपारी ३ ला, साइट दोनदा लटकली तेव्हा घाम फुटला होता.

उरले १ लाख ४. त्यातनं हेल्पर लोकांचा पगार पूर्ण केला, ऑपरेटर आणि सुपरवायझरचं राहिलंय. पाळी बदलायच्या वेळी सगळ्यांना चहाला थांबवलं आणि कागद काढून दाखवला, येणं किती, कुणाकडं, पीएफ भरला त्याचं चलन. सगळे गप्प. मग आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर म्हणाला, “हे ७ तारखेला सांगितलं असतं तर सोसायटीचा हप्ता मी फिरवला असता, आता दंड बसला.” २१० रुपये. ते मी दिले त्याला, पण मान खाली गेली ती गेलीच.

अंबडकर साहेब, खातं सोमवारी उघडतो. उचलीची वही बायकोनं आजच घातली, ८६ हजार निघाले, अजून दोघांचं आठवत नाही.

तगादा भाऊ, पार्टीच्या अकाउंट्समध्ये पहिल्यांदाच गेलो, चार वर्षांत! खरेदीवाल्याच्याच टेबलापाशी बसायचो. ते म्हणाले ट्रेड्सवर आहोत आम्ही, तुमचं नाव तिथं चढवायला कागद द्या. जुन्या बिलांपैकी ६ लाख २२ तारखेला देतो म्हणालेत, लिहून नाही दिलं. उद्यम आहे आपलं, पण बिलावर नंबर नव्हता. टॅलीवाल्या पोराला सांगितलं तर म्हणतो नवीन फॉरमॅटचे पाचशे होतील. दिले.