‘वाडा चिरेबंदी’ लहान रंगमंचावर करताना

प्रश्न: आमची हौशी संस्था महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक जेमतेम वीस फूट रुंदीच्या रंगमंचावर करीत आहे. वाड्यातल्या थोरल्या सुनेच्या, म्हणजे वहिनींच्या भूमिकेसाठी दोघी इच्छुक आहेत. एकीचा आवाज खणखणीत आहे, तर दुसरीला वऱ्हाडी बोली सहज येते. कोणाला घ्यावे? शिवाय नाटकातला बंद पडलेला ट्रॅक्टर कसा दाखवावा?

उत्तर १: वऱ्हाडी येणारीलाच घ्यावे. आवाज तालमीत कमावता येतो. उसना हेल मात्र पहिल्याच प्रवेशात उघडा पडतो. रात्री घराण्याचे दागिने अंगावर चढवण्याचा प्रसंग तिच्याकडून एकही शब्द न उच्चारता करून घ्या, म्हणजे उरलेली शंका फिटेल.

उत्तर २: ट्रॅक्टर अख्खा उभा करू नका. आम्ही विंगेतून केवळ मागचे चाक डोकावू दिले होते, तेही ट्रकच्या जुन्या टायरला गेरू फासून. दादीला, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या आजीला, मात्र कोपऱ्यात ढकलू नका. ती वेळ विचारते तेव्हा सगळ्यांना ऐकू यायला हवे. आणि लेखकाची परवानगी व नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घेतले आहे ना?

प्रश्नकर्ता: परवानगी मिळाली आहे, प्रमाणपत्राचा अर्ज उद्या करतो. टायर शोधायला आजच निघतो.