अरविंद घोष बडोद्यात नोकरीत होते, मग इंग्रजांविरुद्ध लिहायचे कसे?

दांडियाबाजारची_आजी:
नातवाला शाळेत अरविंद घोषांवर बोलायचंय. त्याने मला पेचात टाकलं: "आजी, महाराजांचीच नोकरी होती ना, मग काढलं कसं नाही?" अरविंद निवासावरून रोज भाजीला जाते, पण याचं उत्तर कोणाला माहीत?

जुना_रावपुरेकर:
आजी, लेखावर नाव नसायचं. १८९३ च्या फेब्रुवारीत ते विलायतेहून आले. सयाजीरावांनी लंडनलाच त्यांना नोकरी देऊ केली होती. ऑगस्टपासून मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये काँग्रेसच्या अर्ज-विनंत्यांवर कोरडे ओढायला सुरुवात. संपादक केशवराव देशपांडे, केंब्रिजपासूनचे दोस्त. दोन लेखांतच न्यायमूर्ती रानडे अस्वस्थ झाले, मालकांना समज दिली, आणि पुढचे लेख सौम्य झाले. म्हणजे लगाम खेचला तो आपल्याच नेमस्तांनी, राजवाड्याने नव्हे!

खरी जोखीम मला वेगळीच वाटते. जतींद्रनाथ बॅनर्जी या बंगाली तरुणाला त्यांनी बडोद्याच्या फौजेत घुसवलं, कारण इंग्रजी फौजेत बंगाल्यांना घेत नसत. मदतीला माधवराव जाधव, स्वतः फौजेत लेफ्टनंट. मग तोच जतीन बंगालमध्ये गुप्त मंडळ उभं करायला गेला. सर्व्हे सेटलमेंटपासून कॉलेजच्या व्हाइस प्रिन्सिपलपर्यंत चढलेला माणूस हे उद्योग करतोय, कोणाला संशय येणार? नातवाला हे सांगा, जन्मतारखा सगळेच सांगतात.

विश्वामित्रीकाठी:
डास विसरलात काका! बंगाली शिकवायला दिनेंद्रकुमार रॉय त्यांच्याकडे राहत होते, त्यांनी लिहून ठेवलंय: रात्री एकपर्यंत दिव्याशी पुस्तक, डास फोडून काढतायत आणि यांना पत्ताच नाही. बडोद्याच्या डासांसमोर असं बसणं म्हणजे योगच, लेल्यांची गरज काय होती कोण जाणे.

दांडियाबाजारची_आजी:
लेले म्हणजे कोण?

जुना_रावपुरेकर:
विष्णू भास्कर लेले, योगी. पण ती गोष्ट नोकरी सोडल्यानंतरची. १९०६ मध्ये ते कलकत्त्याला गेले. सुरतेची काँग्रेस फुटल्यावर पुन्हा बडोद्यात आले, आणि १९०८ च्या जानेवारीत सरदार मजुमदारांच्या वाड्यातल्या वरच्या खोलीत लेल्यांबरोबर तीन दिवस ध्यानाला बसले. नातवाच्या पाच मिनिटांत ते मावायचं नाही. जतीन पुरे.

दांडियाबाजारची_आजी:
त्याला डासच आवडले. जतीन मी घुसवते.