एपी : काउंटरअटॅक केला की दोन्ही लाइट लागतात, काय चुकतंय?

नवी_एपीवाली

नमस्कार. तलवारबाजीत आतापर्यंत फॉइल खेळत होते (त्यात फक्त धडावरचा टच मोजतात), या सीझनपासून एपीकडे वळले आहे (यात अंगावर कुठेही लागलेला मोजतात). पॅरी-रिपोस्ट (समोरचीचं पातं अडवून उलट मारणं) बरं चाललंय, पण काउंटरअटॅकचं (तिचा अटॅक चालू असतानाच मारायचं) गणित काही केल्या बसत नाही. समोरची लंज (पुढचा पाय लांब टाकून वार) मारते, मी हात सोडते, आणि दोन्ही लाइट, म्हणजे डबल, दोघींना एकेक पॉइंट! आघाडीवर असेन तेव्हा डबल माझ्या पथ्यावरच पडतो, त्याची तक्रार नाही. पण पूलच्या पाच टचांच्या बाउटमध्ये 3-4 ने मागे असताना डबल लागला की 4-5 आणि खेळ खल्लास.

एक जण तर खास डोकेदुखी झाली आहे. माझ्यापेक्षा बरीच उंच. आधी माझ्या पात्यावर बीट (पात्याने फटका) मारते आणि मग लांबलचक लंज. आमचे कोच म्हणतात, 'अजून लवकर मार.' लवकर मारायला गेले तर ती अर्ध्यातच थांबते, माझं पातं पॅरी करते आणि रिपोस्ट ठेवून देते. म्हणजे उशीर केला तर डबल, घाई केली तर सरळ टच माझ्यावर.

माझा हातच मंद आहे का? लाइट लागला की बटण दाबायचं, तसल्या रिफ्लेक्सच्या ड्रिल्स कराव्यात का?

जुना_एपीवाला

रिफ्लेक्सच्या ड्रिल्स करायच्या तर कर, त्याने नुकसान काही नाही. पण डबलवर तो इलाज नव्हे. जरा आकडे मांडून बघ.

एपीत पहिला टच लागला की मशीन दुसऱ्यासाठी साधारण 40 ते 50 मिलिसेकंद थांबतं. तेवढ्यात दुसरा लागला तर डबल, नाहीतर एकच लाइट. आणि डोळ्यांनी काही दिसल्यापासून हात हलायला लागेपर्यंत चांगल्या खेळाडूलाही 200 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे तिचा लंज सुटलेला बघून तू हात सोडलास, तिचं लक्ष्य तुझी छाती आणि तुझं लक्ष्य तिची छाती, तर तुझा टच 40 मिलिसेकंद आधी पोचणार कसा? आधीच मागून निघालेली आहेस तू. हात कितीही तयार केलास तरी ही तूट भरून निघत नाही.

म्हणून एकेरी लाइट हवा असेल तर तीनपैकी एक गोष्ट तुझ्याकडे असलीच पाहिजे. तुझं लक्ष्य तिच्या लक्ष्यापेक्षा जवळ हवं, किंवा तिचं टोक पोचायची वाट बंद हवी, किंवा टोक येईल तिथून तू निघून गेलेली हवीस. तिन्हींपैकी एकही नसेल तर डबल ठरलेला, नशीब असेल तेवढाच अपवाद.

पहिली गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे आणि फॉइलमधून आलेले नेमकी तीच विसरतात, कारण इतकी वर्षं त्यांना हात हे लक्ष्य म्हणून दिसलेलंच नसतं. ती तुझ्या खांद्यावर येतेय. तिचं मनगट तिच्या खांद्याच्या अर्धा मीटरभर तरी पुढे आहे. समजा दोघींमधलं अंतर सेकंदाला 5 मीटर या वेगाने मिटतंय. हा अर्धा मीटर मिटायला 100 मिलिसेकंद लागतात. तू मनगटावर मारलंस तर ते 100 मिलिसेकंद तुझ्या खिशात, आणि मशीन तर 40-50 ला दार लावून घेतं. शरीरावर मारलंस तर ही शिल्लक तू स्वतःच्या हाताने उधळलीस.

आता मनगटावर मारायचं म्हणजे सरळ पुढे ढोसायचं असं नाही. एपीचा गार्ड (मुठीपुढची वाटी) साडेतेरा सेंटिमीटरपर्यंत रुंद असतो आणि मनगट त्याच्या बरोब्बर मागे लपलेलं असतं. सरळ मारलंस तर गार्डवर खण्ण वाजेल आणि लाइट लागणार नाही. हात किंचित वर आणि टोक खाली उतरतं, असा कोन करून मनगटाच्या वरच्या बाजूवर मार. किंवा हात खाली ठेवून टोक वर चढव आणि खालून मार, बीट मारताना तिचा हात वर उचलला जात असेल तर हेच बरं. आणि नुसतं टिचकीसारखं लावून परत येऊ नकोस. टोकातली स्प्रिंग 750 ग्रॅम वजन उचलते, फॉइलची 500. फॉइलच्या सवयीचा हलका टच इथे कधीकधी नोंदलाच जात नाही. मग 'मी तर आधी मारलं होतं' म्हणून आपण रेफ्रीकडे बघत बसतो.

पाय. खरं दुखणं मला इथे वाटतं, तुझी बाउट न बघताही. बहुतेक जण लंज दिसला की आधी पाऊल मागे घेतात आणि मग हात सोडतात. म्हणजे टोक पुढे जायच्या वेळी अंग त्याला मागे ओढतंय. क्रम उलटा कर. हात आधी पूर्ण सुटला पाहिजे, टोक लागता लागता मागचा पाय हलला पाहिजे आणि टच लागून गेल्यावर अंग तिच्या टप्प्याबाहेर. तिचा लंज जिथे संपतो तिथून वीतभर मागे तू असशील तर तिचं टोक हवेत संपेल. या एका क्रमात पहिली आणि तिसरी, दोन्ही गोष्टी येतात.

तुझ्या उंच मैत्रिणीबद्दल वेगळं लिहितो, ते प्रकरण निराळं आहे. आधी एक सांग, ती बीट मारते तेव्हा तुझं पातं कुठे असतं?

टेबलाजवळचा_रेफ्री

वरच्या उत्तराशी सहमत. फॉइलमधून येताना सोबत आलेल्या सवयींबद्दल थोडी भर घालतो.

फॉइलमध्ये मशीन 300 मिलिसेकंद थांबतं. त्यामुळे काउंटरअटॅक केला की दोन्ही लाइट लागणं हेच तिथे नेहमीचं, आणि प्रायोरिटी, म्हणजे टचचा हक्क, अटॅकवाल्याची. मी हाताने खूण करतो, 'अटॅक, काउंटरअटॅक, टच डावीकडे,' की विषय संपला. फेंट (हुलकावणी) घेऊन येणाऱ्या अटॅकमध्ये शेवटची हालचाल सुरू व्हायच्या आत स्टॉप हिट (अटॅकवरच मारलेला काउंटर) पोचला तरच दोन लाइट असताना तो मोजतो. म्हणून फॉइलचा खेळाडू काउंटर करताना मनातल्या मनात रेफ्रीला पटवत असतो. एपीत पटवायचं कुणाला? इथे मशीनच न्यायाधीश आहे. अंगात मुरलेली ती 'आधी हात लांब करून दाखवू या' सवय सोडून द्या. हात लवकर लांब करून ठेवलात की समोरच्याला बीट मारायला आयतं पातं मिळतं.

दुसरी सवय अंगाला अंग लागायची धास्ती. फॉइल आणि सेबरमध्ये (तलवारबाजीचा तिसरा प्रकार) कोर-आ-कोर, म्हणजे अंगाला अंग भिडणं, घडवून आणलात तर पिवळं कार्ड. एपीत धसमुसळेपणा नसेल तर नुसत्या अंगलटीला कार्ड नाही. म्हणजे पात्याला पातं चिकटवून पुढे घुसायचा काउंटर तुम्ही इथे निर्धास्त करू शकता. खाली बसून टच घेणंही चालतं. तसं करताना मोकळा हात किंवा मागच्या पायाचा गुडघा पिस्टला (खेळायच्या पट्टीला) टेकला तरी चूक धरत नाहीत. पाठ मात्र फिरवू नका, त्याला कार्ड आहेच.

आणि स्कोअरबद्दल : 4-4 किंवा 14-14 असताना डबल लागला तर तो धरतच नाहीत, पुन्हा सुरू. हे माहीत असूनही मुलं त्या वेळी डबलला घाबरून आखडतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

सेबरवाली

आमच्याकडे तर काउंटरअटॅकवाल्यांना वालीच नाही. 😀 मशीनची मुदत 2016 मध्ये 120 वरून 170 मिलिसेकंदांवर नेली. पूर्वी मनगटावर पटकन कट मारून पळणाऱ्याला एकेरी लाइट मिळायचा, त्यातले कितीतरी आता दोन लाइट होतात आणि टच अटॅकवाल्याला जातो. तरी अटॅक करणारा हात मागे खेचून धावत येत असेल तर स्टॉप कट लागतोच, फक्त मारल्यावर पाय जिवाच्या आकांताने मागे पळाले पाहिजेत. म्हणजे जुने एपीवाले जे पायांबद्दल म्हणतात ते आम्हाला दुप्पट लागू.

नवी_एपीवाली

बापरे, एवढं कुणी नीट सांगितलं नव्हतं. मनगटावर मारतच नव्हते मी, खरंच, खांदा दिसला की टोक आपोआप तिकडे.

@जुना_एपीवाला काका, बीटच्या वेळी माझं पातं पुढे असतं, हात जवळजवळ सरळ. तिला लांब ठेवायला म्हणून मी टोक पुढे धरते. आणि ती थांबून पॅरी करते त्याचं काय करू?

जुना_एपीवाला

मग बीट मारायला पातं तूच तिच्या हातात देतेयस. रेफ्रीसाहेबांनी बरोबर ओळखलं.

दोन वेगळे प्रश्न आहेत, मिसळू नकोस.

बीट-लंजसाठी पातं द्यायचंच, पण ऐन वेळी काढून घ्यायचं. याला देरोबमां म्हणतात. टोक पुढे ठेव, कोपर सैल ठेव. तिचं पातं तुझ्या पात्याकडे निघालं की बोटांनी टोक तिच्या गार्डखालून छोट्या अर्धवर्तुळात काढ आणि त्याच हालचालीत हात सोड. मनगट फिरवायचं नाही, खांदा तर अजिबात नाही. अंगठा आणि तर्जनीने जेवढं फिरतं तेवढंच. तिचं बीट हवेत जातं आणि तिचा हात बाजूला फेकला जातो. त्या क्षणी तिचं टोक तुझ्यावर नसतंच, त्यामुळे इथे डबलची भीती कमी. वर्तुळ नाण्याएवढं असलं तर जमलं, ताटलीएवढं झालं की उशीर झालाच म्हणून समज.

थांबून पॅरी करणारी जी आहे, ती तुला फसवतेय. अर्धा अटॅक दाखवायचा, तुझा काउंटर बाहेर काढायचा, तो पॅरी करायचा, रिपोस्ट. याला काउंटरटाइम म्हणतात आणि तुमचे कोच 'लवकर मार' म्हणतात तेव्हा तू नेमकी त्यातच जाऊन पडतेस. कोच चूक सांगत नाहीत, पण 'लवकर'चा अर्थ 'तिच्या पहिल्या हालचालीवर' असा घेऊ नकोस. ती पाऊल टाकतेय आणि हात अजून वाकलेला आहे, तेव्हा पूर्ण मारायचं नाही, मारल्यासारखं करायचं. अर्धा हात, एक छोटासा धक्का. ती पॅरीला गेली तर कळलं की ती वाट बघत होती, तिची पॅरी चुकवून पुढे मार. ती पॅरीला न जाता थेट लंजवर आली तर तुझा हात आधीच अर्धा पुढे आहे, मनगट समोर आहे. बाउटच्या पहिल्या दोन-तीन टचांमध्ये हीच चौकशी करून घ्यायची. टच गेला तरी चालेल, माहिती मिळाली पाहिजे.

आता पातं चिकटवून करायचा काउंटर. सगळ्यात भरवशाचा, पण आंधळेपणाने केला तर सगळ्यात महागडा. तिचं टोक नक्की कुठे येणार हे आधी माहीत असल्याशिवाय ते जमत नाही. मग ते आपणच ठरवायचं. गार्ड जरा आत घे, बाहेरच्या बाजूला खांदा उघडा दिसू दे. ती तिथे आली की सिक्स्टमध्ये (पातं बाहेरच्या बाजूला अडवायची पोझिशन) हात पुढे सोड, तुझ्या पात्याचा गार्डजवळचा जाड भाग तिच्या टोकाकडच्या नाजूक भागावर, गार्ड तिच्या पात्याला बाहेर ढकलत पुढे. मागे सरकायचं नाही. मागे गेलीस की पाती सुटतात आणि तिचं टोक पुन्हा तुझ्याकडे वळतं. जागेवर उभी राहा, नाहीतर अर्धं पाऊल पुढे जा. उंच खेळाडूला जवळ आलेलं आवडत नाही, हात दुमडायला जागा लागते त्यांना.

3-4 ने मागे असताना कुठला? मी तरी हाच निवडेन. मनगटावरच्या स्टॉप हिटला थोडं नशीब लागतं, इथे तिचं टोक अडवलेलंच असतं. 2016 चा रिओ ऑलिंपिकचा पुरुष एपी वैयक्तिक अंतिम सामना शोधून बघ. कोरियाचा पार्क सांग-यंग हंगेरीच्या गेझा इम्रेविरुद्ध 10-14 ने मागे होता. एकही डबल लागला असता तर इम्रे 15 वर आणि सुवर्णपदक त्याचं. पार्कने ओळीने पाच एकेरी लाइट काढले, 15-14. सामना बघताना त्याच्या टोकाकडे बघू नकोस, इम्रेचं टोक दर टचला कुठे संपतंय ते बघ.

टेबलाजवळचा_रेफ्री

त्याच्या उलट बाजूने बघायचं तर 2012 लंडन, महिलांची उपांत्य फेरी, शिन आ-लाम विरुद्ध ब्रिटा हाइडेमान. जादा मिनिटात प्रायोरिटी शिनकडे (ही फॉइलवाली नव्हे, चिठ्ठीने ठरते आणि बरोबरीत वेळ संपली तर तीच जिंकते). स्कोअर 5-5, म्हणजे वेळ संपली की ती जिंकणार आणि डबल लागले तरी तिचं काही बिघडत नव्हतं. अडचण हाइडेमानची होती, तिला एकेरी लाइट हवाच होता. शेवटच्या एका सेकंदात डबलवर डबल लागले आणि घड्याळ काही पुढे सरकेना. अखेर हाइडेमानचा टच लागला. त्या घड्याळावरून जे रामायण झालं ते इथे नको, पण डबल कुणाच्या सोयीचा आहे यावर दोघींचा खेळ कसा बदलतो ते बघण्यासारखं आहे.

नवी_एपीवाली

दोन्ही बघते. शेवटचं एकच : माझी ग्रिप पिस्तुली (पिस्तुलासारखी मूठ) आहे. क्लबातले काही जण म्हणतात काउंटर करायचे तर फ्रेंच (सरळ मूठ) घे, टोकाला धरलं की पल्ला वाढतो.

जुना_एपीवाला

पल्ला वाढतो हे खरं. फ्रेंच ग्रिप मागच्या टोकाला धरणारे मनगटावरच्या स्टॉप हिटवर अख्खा खेळ उभा करतात. पण तसं धरलं की पात्याला पातं चिकटवायचं बळ जातं, आणि तुझी उंच प्रतिस्पर्धी बीट मारणारी आहे. पहिल्या बीटला तुझं पातं कुठल्या कुठे जाईल. ग्रिप आत्ता बदलू नकोस.

त्यापेक्षा जोडीदाराला सांग, तीनपैकी काहीही कर : पूर्ण लंज, बीट-लंज, किंवा अर्ध्यात थांबून पॅरी. कुठलं ते आधी सांगायचं नाही. मशीन लावून खेळा. तुझा एकेरी लाइट लागला तर तुला एक, डबल लागला तर तिला एक. रिप्ले नाही, वाद नाही. आणि सुरुवातीला तिचा वेग निम्मा ठेवायला सांग. पायांचा क्रम बसला की मग वाढवा.

नवी_एपीवाली

डबलचा पॉइंट तिला? ती लगेच तयार होईल. 😅 गुरुवारच्या सरावाला सुरू करतो.