तळ्याकाठचं घर घ्यावं का? धरण मातीचं आहे

मिशिगनमध्ये घर बघतोय. तळं धरण घालून केलेलं, आता फक्त बोटिंगपुरतं. धरणाच्या उतारावर झाडं वाढलीत, पायथ्याशी कायम ओल. एजंट म्हणतो, शंभर वर्षं उभं आहे!

उत्तर (पाटबंधारे खात्यातून निवृत्त): अहो, त्या शंभर वर्षांचीच तर भीती! तुमच्याच राज्यातलं एडनव्हिल धरणही १९२०च्या दशकातलं. सांडवा (पुराचं जादा पाणी सोडायची वाट) अपुरा म्हणून २०१८ला वीजनिर्मितीचा परवाना गेला, १९ मे २०२०ला धरण फुटलं. पाणी माथ्यावरून गेलंच नव्हतं. भरावातली सैल, भिजलेली वाळू एकाएकी पातळ होऊन वाहिली. त्यामागचं विक्सम तळं रिकामं, खालचं सॅनफर्ड धरणही गेलं. पायथ्याचं पाणी नितळ आहे की गढूळ? गढूळ असेल तर आतली माती वाहतेय. झाडांचंही तेच, मुळं कुजली की पाण्याला आयती वाट.

प्रश्नकर्ता: काका, पाणी बघितलंच नाही. शनिवारी जातो.

दुसरं उत्तर: राज्याच्या धरण सुरक्षा विभागाकडे तपासणी अहवाल मागा. त्यातला ‘धोका वर्ग’ धरणाची तब्येत सांगत नाही. फुटलं तर खाली किती नुकसान, एवढंच. आणि दुरुस्तीचा खर्च कोणावर, तेही विचारा. एडनव्हिलकडे काठच्या घरमालकांवर आकारणी बसली.