वेष्टणांचा कचरा जाळावा की वेष्टणेच बदलावीत?

धागाकर्ता: कचरा वेगळा न करणाऱ्या ग्राहकाला बोल लावणे सोपे आहे, पण खरा दोष वेष्टणाच्या रचनेतच असतो. खाऊचे चकचकीत पाकीट घ्या. बाहेर छपाईचा प्लास्टिकचा थर, मध्ये ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म लेप आणि आत उष्णतेने चिकटणारा आणखी एक प्लास्टिकचा थर. हे थर सुटे करण्याचा खर्च हाती लागणाऱ्या मालाच्या किमतीहून अधिक पडतो. त्यामुळे घरात कितीही निगुतीने वेगळे ठेवले, तरी हे पाकीट बहुधा भट्टीत किंवा कचरा डेपोतच जाते. २०१५ पर्यंत जगभरात साचलेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्केच पुनर्चक्रित झाला होता. असे वेष्टण बाजारात आणणाऱ्यानेच त्याच्या विल्हेवाटीचा भार उचलावा.

प्रतिसाद १: असहमत. हे थर हौसेखातर आलेले नाहीत. ते ओलावा आणि प्राणवायू अडवतात, म्हणून अन्न टिकते. तोच जिन्नस काचेच्या बरणीत भरला तर वाहतुकीचे वजन आणि इंधन किती वाढेल, याचाही हिशेब मांडायला हवा. शिवाय प्लास्टिकचा उष्मांक दगडी कोळशाहून कमी नसतो. जे पुनर्चक्रित होत नाही, ते पुरण्यापेक्षा जाळून वीज मिळवण्यात गैर काय?

धागाकर्ता: पुरण्यापेक्षा जाळणे बरे, हे मान्य. मात्र भट्टी एकदा उभारली की तिला वर्षानुवर्षे कचरा पुरवावा लागतो आणि मग तो कमी करण्याची निकड कुणालाच उरत नाही. शिवाय जाळलेले प्लास्टिक एकदाच कामी येते. उलट ॲल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा घडवताना खनिजापासून धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, आणि हे पुनःपुन्हा करता येते. एकाच जातीच्या प्लास्टिकची पाकिटे बनवता येतात, कंपन्यांनी ती बनवलीही आहेत. महाग पडतात म्हणून ती मागे राहतात. जर्मनीने १९९१ मध्येच वेष्टणे परत घेण्याची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्यांवर टाकली आणि २००३ पासून एकदाच वापरायच्या पेयपात्रांवर सक्तीची अनामत लावली.

प्रतिसाद २: अनामतीने बाटल्या आणि डबे परत येतात, हे खरे, पण आपण ज्या पाकिटापासून सुरुवात केलीत, ते हलके, तेलकट पाकीट कोण परत आणून देईल? तिथे अनामत नव्हे, तर वेष्टण जितके अवघड तितके उत्पादकाचे शुल्क चढे, हाच उपाय मला लागू पडेलसा वाटतो.

प्रतिसाद १: आणि ते शुल्क अखेर मालाच्या किमतीत मिसळून ग्राहकाच्याच माथी येईल.