अनुभव धागा : स्वतःहून लिहा-वाचायला शिकलेली माणसं

शाळेची पायरी न चढता, कुणी हात धरून न गिरवता अक्षरओळख करून घेतलेली माणसं आपल्या आसपास असतात. स्वतःचा किंवा घरातल्यांचा अनुभव इथे सांगा. कुठे अडलं, वाचता आल्यावर नेमकं काय बदललं, हे तपशिलात लिहा. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांचं बोलणं कुणीतरी उतरवून घ्या, पण शब्द त्यांचेच राहू द्या.

---

माझ्या सासूबाईंबद्दल लिहिते. त्यांना प्रार्थना तोंडपाठ होत्या आणि त्यांचंच छापील पुस्तक घरात होतं. एक ओळ म्हणायची आणि शब्दागणिक बोट पुढे सरकवायचं. तोंडातला शब्द संपला की कागदावर मोकळी जागा यायला हवी, हा त्यांचा ताळा. काना, मात्रा, वेलांटी पटकन उमगल्या, जोडाक्षरांनी मात्र छळलं. 'धर्म' म्हणताना र आधी येतो, कागदावर तो म च्या डोक्यावर. 'प्रेम'मध्ये तोच र तिरकी रेघ होऊन पायाशी. कुणाला विचारलं नाही. 'सूर्य', 'कर्म', 'अर्थ' असे पाठ असलेले शब्द शोधून ताडत राहिल्या आणि एक दिवस मला म्हणाल्या, "अगं, र आधी म्हटला की वर जातो, नंतर म्हटला की खाली." हा नियम त्यांनी एकटीने शोधून काढला! आता चिठ्ठीवर लिहून दिलेलं बघून सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या त्यांच्या त्या घेतात.

---

वडील बांधकामावर मजूर. पाट्या बघून, अक्षरं जुळवत वाचायला शिकले. मुकादमाला पत्ता नव्हता. पगाराच्या दिवशी अंगठा लावण्याआधी त्यांनी हजेरीपटावरची आपली ओळ वाचली, तर काम केलेल्या दिवसांवर खाडे मांडलेले. तिथल्या तिथे बोट ठेवून दाखवलं, पैसे मिळाले. तेव्हापासून बाकीचे मजूर अंगठ्याआधी त्यांना बोलावू लागले.

---

वरचं वाचून फ्रेडरिक डग्लस आठवले. अमेरिकेत गुलामगिरीत जन्म. मालकीणबाईंनी अक्षरं शिकवायला घेतली, तर नवऱ्याने थांबवलं. मग या पोराने रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून धडे घेतले. जहाजं बांधायच्या ठिकाणी सुतार लाकडांवर खुणेची अक्षरं लिहायचे, कुठला तुकडा डाव्या बाजूचा, कुठला उजव्या. त्यांवरून लिहायला सुरुवात केली. १८३८ साली ते गुलामगिरीतून निसटले, १८४५ साली त्यांचं आत्मचरित्र छापून आलं. वाचायला शिकला तर हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही, असं तो मालक बायकोला म्हणाला होता. वाचनाची ताकद त्याने अचूक ओळखली होती, म्हणून तर इतका घाबरला.

---

आमच्या आईला छापील मजकूर सरसर वाचता येतो, लिहिता फारसं येत नाही. वाचन लपूनछपून जमतं हो, लिहायला कागद हवा, बसायला जागा हवी आणि "हे काय चाललंय?" असं न विचारणारं घर हवं. बंगालच्या राससुंदरी देवींनीही आधी स्वयंपाकघरात पोथीचं पान लपवून वाचन साधलं, लिहिणं बऱ्याच वर्षांनी. पुढे त्यांनी स्वतःचं चरित्र लिहिलं. हे आईला सांगितलं तेव्हा तिने वही मागितली. सध्या तारीख आणि कुणाचा फोन आला, एवढंच लिहिते. शुद्धलेखन कुणी तपासायचं नाही, असं तिने आम्हाला बजावलंय.